आधी खिडकी उघड

माझा नवरा हात उचलायच्या आधी खिडक्या लावायचा. वाशीतला आमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता आणि समोरची इमारत इतकी जवळ, की त्यांच्याकडे आज कसली फोडणी पडली ते आम्हाला कळायचं. म्हणून तो आधी हॉलची सरकती काच ओढायचा, मग किचनची, मग बेडरूमची. कधी कधी मिक्सर चालू करून ठेवायचा, रिकामाच. घाई अशी त्याला कधी नसायची. काचा सरकल्याचा आवाज आला की मी मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवायचे, कारण एकदा ते ओढाताणीत गळ्यात रुतलं होतं आणि आठवडाभर मला ओढणी गुंडाळून फिरावं लागलं होतं.

सोसायटीत त्याच्याइतका सभ्य माणूस शोधून सापडला नसता. म्हाताऱ्यांसाठी लिफ्टचं दार धरून उभा राहायचा. महाप्याला आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, हाताखाली बरीच माणसं, आणि आवाज चढवायची सवय नाही. मारतानासुद्धा तो हळूच बोलायचा.

बोनकोड्याला, माझ्या माहेरी, यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. आम्ही आगरी. आजोबांची भातशेतं नव्या शहराखाली गेली, बाबांनी उरलेल्या जागेवर मजले चढवले आणि आता भाडोत्री ठेवून घर चालतं. त्या घरात मी रडून, उपाशी राहून, दार आपटून या बाहेरच्या मुलाशी लग्न करायची परवानगी मिळवली होती. आता त्याच तोंडाने जाऊन काय सांगणार? शिवाय माझा दादा. दादाचं तोंड उघडायच्या आधी त्याचा हात चालतो. पार्किंगवरून त्याने एका भाडोत्र्याचे दात पाडले होते. त्याला कळलं असतं तर त्याने माझ्या नवऱ्याला जिवंत सोडलं नसतं आणि मग दादाला जेलमध्ये डबा द्यायला मलाच जावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली, याची मला आजही चीड येते.

मग मला दिवस गेले आणि तो थांबला. खरंच थांबला. सफरचंदं कापून द्यायला लागला, रात्री पाय चेपायला लागला, फोनवर बाळाची वाढ बघून आज ते लिंबाएवढं झालं, आज आंब्याएवढं झालं असं सांगायला लागला. मी मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती: मूल होण्याआधी हा हात कायमचा थांबला तर राहायचं, नाही थांबला तर निघायचं. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि त्याने युरोपची ट्रिप ठरवली. पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हिएन्ना, प्राग. ‘बाळ आलं की कुठे जमणार आहे?’ असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. मला वाटलं, चला, परदेशात आपण दोघंच असू, तिथे काय ते कळेल.

निघायच्या आदल्या दिवशी आई डबे घेऊन आली. सुकटीची चटणी, तांदळाच्या पिठाचे लाडू आणि सुके बोंबील, तीन-तीन पिशव्यांत गुंडाळलेले. सगळ्यात खाली पदराच्या तुकड्यात बांधलेला तिचा अडकित्ता. जुना, जड, दांड्यांवर हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. आमच्याकडे पोटुशी बाई परक्या ठिकाणी झोपली की उशाखाली लोखंड ठेवायची पद्धत आहे.

“यो उशाखाली ठेव, बाय,” आई म्हणाली. “लोखंड हाय. काय बी जवल येनार नाय.”

नवरा हसला. म्हणाला, “आई, तिकडची भुतं इंग्लिशसुद्धा बोलत नाहीत, त्यांना अडकित्ता काय कळणार?” आईपण हसली. जावयाच्या विनोदाला ती नेहमीच हसायची. मी अडकित्ता मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध घातला, आणि तिकडे पोचल्यावर रोज रात्री उशाखाली ठेवत गेले.

पॅरिसला पहिल्याच दिवशी माझे पाय सुजले. त्याने दिवसाचा प्लॅन असा केला होता की धडधाकट माणूसही आडवा व्हावा. या रांगेतून त्या रांगेत, पुलावरून पुलावर, आणि मी मागे राहिले की तो थांबायचा, गोड हसायचा, जवळ घ्यायचा आणि स्वेटरच्या आतून हात घालून दंडाच्या आतल्या बाजूला चिमटा काढायचा. साधा चिमटा नाही. कातडी धरून पिळायची. ‘चल ना, राणी,’ म्हणायचा. मेट्रोत एका बाईने उठून मला जागा दिली तेव्हा त्याने तिचे वाकून आभार मानले, आणि मी बसले तशी माझ्या पायाच्या बोटांवर बूट ठेवला, फक्त क्षणभर, चुकून ठेवल्यासारखा.

स्वित्झर्लंडमध्ये तळ्यातल्या बोटीवर त्याने एका म्हाताऱ्या जोडप्याला फोटो काढायला सांगितलं. एक हात माझ्या खांद्यावर, एक पोटावर. सकाळी मला उलट्या झाल्या म्हणून आमची पहिली बोट चुकली होती. फोटो निघेपर्यंत पोटावरचा हात आत दाबत गेला. बाळ आत हललं, मी श्वास धरून हसत राहिले आणि म्हातारी म्हणाली, किती सुंदर जोडी. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. मला मात्र त्याच दिवशी उत्तर मिळालं होतं, तरी मी म्हणत होते, अजून थोडं बघू. आशा फार चिवट असते मेली.

व्हिएन्नाला मी दुपारी हॉटेलवरच थांबले. तो राजवाडा बघायला एकटा गेला. खोलीत पडल्या पडल्या मला बोंबलाचे डोहाळे लागले. लागले म्हणजे कसे, डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस थंड पाव आणि चीज खाऊन तोंडाची चव गेली होती. पिशवी उघडली, वास घेतला, आणि माझ्यातली आगऱ्याची पोर जागी झाली. पण बोंबील कच्चा कसा खायचा? तो भाजायला हवा. खोलीत गॅस नाही, चूल नाही, फक्त चहाची किटली. मग कपाटात इस्त्री दिसली.

मी इस्त्री उलटी करून त्याच्या बाजूच्या दोन उशांच्या मध्ये टेकवून ठेवली, तिच्या तळाला चॉकलेटचा चंदेरी कागद लावला, काटा शेवटपर्यंत फिरवला आणि वर बोंबील ठेवले. काय सुंदर भाजले गेले म्हणून सांगू. कडा कुरकुरीत, मधे हलके काळे डाग. पहिला मी उभ्या उभ्याच खाल्ला. दुसरा तोंडात घातला आणि छतावर काहीतरी बोंबलायला लागलं.

सगळं हॉटेल रस्त्यावर आलं. कुणी आंघोळीच्या टॉवेलात, कुणी कुत्रं काखेत मारून. लाल गाड्या आल्या, टोपीवाले बंबवाले धडाधड जिना चढून गेले आणि थोड्या वेळाने एक जण माझी बोंबलाची पिशवी चिमटीत धरून खाली आला. नेमका त्याच वेळी माझा नवरा परतला. त्याने सगळं एका नजरेत ओळखलं, पुढे झाला, मॅनेजरची माफी मागितली, बंबवाल्यांची मागितली, माझ्या पोटाकडे हात करून काहीतरी चटकदार बोलला. सगळे हसले. एका बाईने माझा गाल थोपटला. मीही हसले. मला खरंच वाटलं की तो हसण्यावारी नेतोय, आणि मला त्याच्यावर नव्याने प्रेम आलं.

वर खोलीत धूर जावा म्हणून त्यांनी खिडकी सताड उघडून ठेवली होती. खालून ट्रामचा खडखडाट येत होता. तो आत आला, बूट काढले, जोडीने नीट ठेवले आणि खिडकीकडे गेला. ती लावली. खिट्टी नीट बसली की नाही हे ओढून बघितलं.

माझा हात गळ्याकडे गेला. मंगळसूत्र मी ट्रिपला घातलंच नव्हतं.

पहिली थप्पड कानावर बसली. एका बाजूचं ऐकू येईना. दुसरीने मी पलंगावर पडले. त्याने केसांत हात घालून माझं डोकं उशीवर दाबलं आणि शांतपणे बोलायला लागला. मी त्याची इज्जत कशी घालवली, माझी जात कशी आहे, गावठी ती गावठीच. “आणि आता हे,” असं म्हणून त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. “हेही तुझ्यासारखंच निपजणार.” त्याने मूठ वळली. मग मूठ सोडून एक बोट पोटात खुपसलं, बेंबीच्या वर, आणि दाबलं. पुन्हा दाबलं. आत बाळ सैरभैर झालं. ते मला आजही इथे, या जागी आठवतं.

उशाखाली माझ्या हाताला लोखंड लागलं.

मी विचार केला नाही. आईला सुपारी कातरताना मी जन्मभर बघितलं होतं, हाताला ते ठाऊक होतं. अडकित्त्याच्या तोंडात त्याचं बोट आलं आणि मी दांड्या मिटल्या. पूर्ण नाही. कातडी गेली, मांस गेलं, आणि पुढे काहीतरी टणक लागलं तिथे थांबले. त्याचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या नवऱ्याचा आवाज चढला.

“हललास तर तुकडा पडेल,” मी म्हणाले.

तो गुडघ्यावर आला. रक्त माझ्या गाऊनवर, पोटावर ठिबकत होतं. प्लीज म्हणाला. सॉरी म्हणाला. डॉक्टर, म्हणाला. मी सांगितलं, “आधी खिडकी उघड.”

त्याला कळेना. मी दांड्या जरा दाबल्या, मग कळलं. मी अडकित्ता धरून पुढे आणि तो बोटामागे ओढला जातोय, असे आम्ही खिडकीपर्यंत गेलो. त्याने डाव्या हाताने खिट्टी काढली. ट्राम आत आली, हवा आत आली. रस्त्यावर कुणी वर बघितलंही असेल. तेव्हा मी अडकित्ता सोडला, बेसिनमध्ये धुतला, पुसला आणि परत उशाखाली ठेवला. मग पोटावर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळाने बाळाने एक हलकी लाथ मारली. मी मोठ्याने रडले, खिडकी उघडी ठेवून.

त्यानंतर आम्ही प्रागला गेलो. लोकांना हे खरं वाटत नाही, पण तिकिटं काढलेली होती आणि दोघांनाही दुसरं काही सुचलं नाही. तो बोटाला पट्टी बांधून माझ्या दोन्ही बॅगा ओढत होता, मी पुढे चालत होते. तो खुर्चीत झोपायचा, मी पलंगावर. मागेन ते खायला आणून द्यायचा. अडकित्ता मी पर्समध्ये ठेवत असे, आणि दारातल्या तपासणीच्या मशीनमध्ये सापडेल म्हणून एकही म्युझियम बघितलं नाही. तो मला घाबरत होता आणि मला ते आवडत होतं. आवडतं ते लपवून काय करू?

परत आल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं की ट्रेनच्या दारात बोट सापडलं. सासू भेटायला आली, तिने हळद लावली. मी घरातली एकही खिडकी बंद करू दिली नाही. डास आले, धूळ आली, येऊ दे. त्याने एकदाही हात उचलला नाही. फक्त एका सकाळी, टाय बांधता बांधता, आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “बाळ होऊ दे. मग बघू.”

म्हणजे मुदत होती ती. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एवढंच होतं की बाळ घेऊन या घरात परत यायचं नाही.

आणि गंमत बघा, बाहेर पडायची वाट आपल्या लोकांनी आधीच करून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, बायकांनी गाणी म्हटली, त्याने स्वतः मला फुलांचा मुकुट घातला. हिरवी साडी नेसून, ओटीत नारळ घेऊन, सगळ्यांच्या पाया पडून, फोटो काढत मी त्या फ्लॅटमधून निघाले. सासू म्हणाली, “लवकर परत ये गं.” मी मान हलवली.

अडकित्ता मी आईला परत दिला. बोनकोड्यात मुलगी झाली. काळी कुळकुळीत, भरपूर केस, आणि दादाचा राग. आईने अडकित्ता पुन्हा माझ्या उशाखाली आणून ठेवला, दिवसा मात्र सुपारीसाठी काढून न्यायची. मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज दादा ऑफिसातून येऊन पोरीला छातीवर घेऊन झोपायचा आणि मी त्याच्या हातांकडे बघून गप्प व्हायचे. सव्वा महिना संपत आला. न सांगता राहिले असते तर चार माणसं हसत हसत मला आणि माझ्या पोरीला गाडीत बसवून वाशीला सोडून आली असती.

रविवारी दुपारी तो आणि सासू न्यायला आले. पोरीला कपडे, मला साडी. बाबा समोर बसले, दादा दाराशी. आई पाहुण्यांसाठी सुपारी कातरायला बसली. सासू म्हणत होती, आता घर कसं भरल्यासारखं वाटेल. आणि आईच्या हातात अडकित्ता वाजायचा, कट्. दर वेळी तो वाजला की माझ्या नवऱ्याचं ते बोट मुठीत जायचं. कट्, की मूठ मिटली. पुन्हा कट्, पुन्हा मिटली. त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

आईने ते बघितलं. तिचा हात थांबला. तिने अडकित्त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग बोटावरच्या व्रणाकडे, मग माझ्याकडे.

“जावय,” ती म्हणाली, “तुमचा बोट कशान सापरला होता?”

“ट्रेनच्या दारात, आई. सांगितलं होतं ना.”

आई माझ्याकडे वळली. “खरा हाय, बाय?”

मांडीवर पोर झोपली होती. मी म्हणाले, “नाही. तुझ्या अडकित्त्यात. तो माझ्या पोटात बोट खुपसत होता. पोर आत होती.”

सासूच्या हातातलं विड्याचं पान खाली पडलं. बाबांनी डोळे मिटले. दादा दारातून उठला. मला वाटलं, आता हा धावून येणार, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या अंगात आनंदाची कळ उठली. मार, मी मनात म्हणाले, दात पाड त्याचे, मला बघू दे. पण दादा त्याच्याकडे गेलाच नाही. तो गल्लीकडच्या खिडकीशी गेला. काच ओढली. सर्रकन आवाज झाला.

माझा हात आपोआप गळ्याशी गेला आणि मंगळसूत्र डोक्यावरून काढलं सुद्धा.

ते हातात लोंबत राहिलं. मी दादाच्या पाठीकडे बघत होते. तो काच नीट बसली की नाही हे दाबून बघत होता.

“दादा,” मी म्हणाले, “खिडकी उघड.”

“तू पोरीला घेऊन आत जा, बाय. आमी बघतो.”

“आधी खिडकी उघड.”

तो उघडेना. मग मी पोरीला खांद्यावर घेतलं, उठले आणि काच मीच सरकवली. खाली ओट्यावर शेजारच्या काकी आणि वहिनी कोलंबी सोलत बसल्या होत्या. आवाजाने त्यांनी वर बघितलं. मागून माझा नवरा म्हणाला, “प्लीज. लोक ऐकतील.” व्हिएन्नात बोटासाठी विनवलं होतं ना, अगदी तोच सूर.

दादाने त्याला मारलं का, असं अजून मला लोक विचारतात. मारलं. एकदाच, कानाखाली, खिडकी उघडी असताना, सगळ्या गल्लीदेखत. पुढचा हात उचलला तेव्हा मीच नको म्हणाले, कारण मला बोलायचं होतं आणि पोर झोपेत दचकली होती.

मंगळसूत्र मी आईच्या सुपारीच्या तबकात ठेवलं. मग खिडकीशी जाऊन म्हणाले, “काकी, जरा वर या. सगळ्याच या,” आणि त्या हात पुसत जिना चढून येईपर्यंत थांबले. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी पहिल्या थपडेपासून सांगायला सुरुवात केली, अगदी मोठ्या आवाजात.